भिलाईची रात्रपाळी आणि रक्तातली साखर

विद्यार्थ्यांनो, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी मधुमेह मोजायचा तो लघवीवरून. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, लघवीचे आठ थेंब आणि आच. रंग विटकरी झाला की साखर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, हे लक्षात घ्या. साखर घसरली तर ही चाचणी मुकीच. इन्सुलिन घेऊन रात्रपाळीला भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्याला धोका नेमका त्या घसरणीचा. तिचे लक्षण घाम. आणि घाम तर तिथे सगळ्यांनाच! ओळखणार तो शेजारचा सहकारी, तेही त्याला आजार ठाऊक असेल तरच.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीचे रक्तशर्करा मोजणारे यंत्र आले, पण ते डॉक्टरांनाच विकत. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही अभियंत्याने ते डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवले आणि घरीच रक्त तपासू लागला.

आता ग्लुकोमीटर खिशात मावतो. भिलाईत कारखान्याचे सेक्टर ९ मधले रुग्णालयही आहे. पण यंत्राने ६० दाखवले की तीन चमचे साखर खाऊन पंधरा मिनिटे बसावे लागते, आणि तेवढा वेळ भट्टीवर दुसऱ्याला उभे राहावे लागते.