किल्लारीची रेघ आणि मोबाइलमधला फुरिये

आजचा विषय डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. बीटेकवाल्यांनो, लगेच भाग बंद करू नका. बाकीच्यांनी तर मुळीच करू नका, कारण सुरुवात लातूर जिल्ह्यातून आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपेतच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली.

भूकंपमापकावर ही सगळी रात्र म्हणजे एक नागमोडी रेघ. ती वाचायची कशी, हा प्रश्न डीएसपीच्या जन्माशीच जोडलेला आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेला सोव्हिएत रशियाच्या भूमिगत अणुचाचण्या ओळखायच्या होत्या. जमिनीचा हादरा बॉम्बचा की भूकंपाचा? उत्तर रेघेतल्या कंपनांच्या वारंवारतेत होतं. ती वेगळी काढायचं गणित फुरियेचं, पण हिशोब प्रचंड. जॉन ट्युकीने सोपी वाट सुचवली, रिचर्ड गार्विन ती आयबीएमच्या जेम्स कूलीकडे घेऊन गेला, आणि 1965 मध्ये त्यांचा पेपर आला. हाच एफएफटी. 1024 नमुने असतील तर सरळ पद्धतीने साधारण दहा लाख गुणाकार लागतात. एफएफटीने दहा हजारांच्या आसपास. (गाउसने हीच युक्ती 1805 च्या सुमारास वहीत लिहून ठेवली होती, ते वेगळंच!)

किल्लारीनंतर आपल्या पठारावरची भूकंपकेंद्रंही डिजिटल झाली. म्हणजे हलणारी जमीन आकड्यांत उतरू लागली.

आता शिकवण्याकडे येऊ. नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज 1981 चं, एफएफटीपेक्षा सोळाच वर्षांनी लहान. त्या काळी हा विषय कुठेही शिका, तो फळा, खडू आणि सिग्माचं चिन्ह यांतच असायचा. मॅटलॅब 1984 मध्ये बाजारात आलं, पण लायसन्स महाग. 1998 मध्ये अमेरिकेत 'डीएसपी फर्स्ट' हे पुस्तक सीडीसकट आलं: आधी ऐका, बघा, मग समीकरण. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. आपल्याकडे 2009 पासून केंद्र सरकारच्या आयसीटी मिशनमधून व्हर्च्युअल लॅब्ज आल्या. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने फुकटचं सायलॅब कॉलेजांत नेलं, आणि स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी असे धडे मराठीतही आणले.

पण प्रयोगासाठी कंप्युटरही लागत नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, 2016 चं. मोबाइलमधला हालचाल मोजणारा सेन्सर ते वापरतं, आणि स्पेक्ट्रम लगेच स्क्रीनवर काढतं. लातूर-नांदेड एसटी स्टँडवर उभी असताना फोन सीटवर ठेवा. इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर 10 हर्ट्झवर किंवा त्याच्या पटीत टोक दिसतं. बस निघाली की टोक सरकतं. हे बघितलं की 'फ्रीक्वेन्सी डोमेन' हा शब्द आपोआप समजतो.

आता एक गंमत. सेन्सर सेकंदाला 100 वेळाच मोजत असेल, तर 50 हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. 70 हर्ट्झचं कंपन त्याला 30 हर्ट्झचं वाटू शकतं. याला एलियसिंग म्हणतात. व्हिडिओत पंखा उलटा फिरताना दिसतो, तोच भाऊबंद. स्लायडर सरकवून हे पाहा, पण एकदा चार नमुन्यांचा फुरिये हाताने काढा. नुसता स्लायडर म्हणजे करमणूक.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोलीकडे 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडलाही जाणवले. सप्टेंबर 2023 पासून भारतात अँड्रॉइड फोन भूकंपाचा इशाराही देतात. आधीची हलकी पी-लहर अनेक फोन टिपतात, मागून येणारी एस-लहर सावकाश असते, त्या मधल्या काही सेकंदांत सूचना येते. भाकीत नव्हे हं! धक्का सुरू झाल्यावरची धावपळ आहे ती. आणि केंद्राच्या अगदी जवळ असाल, तर ते काही सेकंदही मिळत नाहीत. तिथे पुन्हा प्रश्न भिंतीचाच येतो.