स्किझोफ्रेनिया कधी सुरू होतो? प्रमुख सिद्धांत

स्किझोफ्रेनियाची (छिन्नमनस्कता) लक्षणे बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर दिसू लागतात. मात्र आजाराचे मूळ कुठे असते, याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद राहिले आहेत.

ऱ्हास : एमिल क्रेपेलिन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस हा तरुणपणी सुरू होऊन बुद्धी क्षीण करणारा आजार मानला. पण अनेक रुग्ण सुधारतात, असे पुढे दिसले.

आईचे वागणे : १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी आईकडे बोट दाखवले. पुराव्याअभावी हे मत मागे पडले. तोवर असंख्य आयांनी अपराधीपणाचे ओझे वाहिले.

प्रवणता आणि ताण : झुबिन व स्प्रिंग (१९७७) यांच्या मते प्रत्येकाची प्रवणता वेगळी असते, ताण त्या मर्यादेपलीकडे गेला की आजार उफाळतो.

मेंदूची वाढ : डॅनियल वाइनबर्गर (१९८७) यांच्या मते बीज मेंदूच्या सुरुवातीच्या वाढीतच पडते, लक्षणे मात्र मेंदू परिपक्व होताना उमटतात. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांमध्ये हा आजार सुमारे दुप्पट आढळला.

आज शेवटचे दोन सिद्धांत परस्परपूरक मानले जातात. आनुवंशिकता धोका वाढवते, पण भविष्य ठरवत नाही. म्हणूनच दोषी शोधण्यापेक्षा लवकर उपचार सुरू करणे महत्त्वाचे ठरते.