श्वास मोजणारे मणी

खोकणाऱ्या, तापलेल्या बाळाला साधे पडसे आहे की न्यूमोनिया, याचा निवाडा वैद्यकाने दीर्घकाळ स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण यांच्याकडे सोपवला होता. जिथे ही दोन्ही साधने पोहोचली नव्हती, तिथली बाळे निदानावाचून दगावत.

वाट सापडली ती पापुआ न्यू गिनीत. गोरोका येथे फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुले तपासली व १९८४ मध्ये मांडले, की मिनिटाला ५० हून अधिक श्वास ही खूण प्रतिजैविक द्यायला पुरेशी आहे. श्वासागणिक छाती आत ओढली जात असेल, तर मूल रुग्णालयात न्यावे. कानाऐवजी डोळ्यांनी होणारे निदान!

पण हे श्वास मोजायचे कोणी?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने (स्थापना १९८६) हे काम आरोग्यसेवक आणि गावच्या सुईणींवर सोपवले. सुईणी बहुतेक निरक्षर. पन्नासपर्यंत मोजणे हीच अडचण. त्यासाठी पाटीवजा एक साधन तयार झाले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालील बाळांसाठी निराळी ओळ, कारण त्यांचा श्वास मुळातच जलद असतो. दहापर्यंत मोजता येणे, एवढीच पात्रता उरली.

निदानापाठोपाठ को-ट्रायमॉक्सॅझोलही त्यांच्याच हाती दिले गेले. प्रतिजैविक डॉक्टरानेच द्यावे या रूढ शिस्तीला हा सरळ छेद होता, आणि आक्षेप केवळ व्यवसायाभिमानातून येणारा नव्हता: चुकीचे निदान, अपुरी मात्रा यांची भीती खरीच होती.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत १३.५ टक्के. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तिथे १७.५, इथे ८.१.

एक मर्यादा मात्र राहिली. दम्यासारख्या घरघरीतही श्वास वाढतो, त्यामुळे गरज नसलेल्या काही मुलांनाही औषध मिळते.

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धत आखली. तिच्यात श्वासाच्या सीमा वयानुसार ठरल्या: दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०.