शेतीसंरक्षण शस्त्र परवाना (रत्नागिरी जिल्हा)

शेतीसंरक्षण शस्त्र परवाना म्हणजे वन्य प्राण्यांपासून उभे पीक वा बागायत राखण्याच्या हेतूने बंदूक बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दिली जाणारी अनुज्ञप्ती होय. रत्नागिरी जिल्ह्यात भातशेती, आंबा, काजू आणि नारळ यांना रानडुकरे, वानर व माकडे यांचा उपद्रव असल्याने हा परवाना ग्रामजीवनाशी पिढ्यानपिढ्या निगडित राहिला आहे. परवान्याची बंदूक बहुधा एकनळी किंवा ठासणीची असते. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छरे गजाने ठासून भरावयाची.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला. या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव राष्ट्रीय सभेच्या टीकेचा विषय होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १९६२ च्या नियमांची जागा आता शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली आहे.

अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. परिस्थिती पाहता अशी बंदूक पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवानाही देता येतो. कलम १४ मधील एक तरतूद लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची असूनही फारशी परिचित नाही: अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. लोकहितास बाध येत नसेल तर मागणी केल्यावर ती अर्जदाराला द्यावी लागतात, आणि त्याविरुद्ध अपील करता येते.

अर्ज व प्रशिक्षण

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात परवाना प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, हे असतात. अर्ज आल्यावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. तो विहित मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कायद्याने प्राधिकाऱ्यास दिली आहे.

२०१६ च्या नियमांनी आणलेला मोठा बदल प्रशिक्षणाचा आहे. व्यक्तिगत परवान्यासाठी शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये जोडावे लागते. बंदूक सुरक्षितपणे हाताळणे व नेणे, नेमबाजीची पद्धत, शस्त्राची निगा, साठवण आणि वाहतूक, तसेच परवानाधारकाची कायदेशीर व सामाजिक जबाबदारी हे विषय त्यात येतात. याखेरीज सुरक्षित साठवणुकीची हमी आणि शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावे लागते.

कोकणात बंदूक हाताळण्याचे ज्ञान पूर्वी घरातच, वडीलधाऱ्यांकडून, मिळत असे. भरलेली बंदूक घरात आणू नये, काट्याकुट्यांतून जाताना नळी जमिनीकडे असावी, झुडूप हलले म्हणून बार टाकू नये, ही शिकवण अनुभवातून आलेली होती व ती आजच्या अभ्यासक्रमाशी विसंगत नाही. परंतु दारूचे प्रमाण चुकल्यास ठासणीच्या बंदुकीची नळी फुटू शकते आणि रात्रीच्या राखणीत जनावर समजून माणसावर बार जाण्याचा धोका असतो. त्यामुळे प्रशिक्षणाची अट केवळ कागदी मानणे योग्य नाही. मंडणगड किंवा राजापूरच्या आडगावातील शेतकऱ्याला ती पार पाडण्यासाठी प्रवास, खर्च आणि बुडणारे कामाचे दिवस सोसावे लागतात, हेही तितकेच खरे.

निवास आणि क्षेत्रमर्यादा

परवान्यासाठी अर्ज जेथे अर्जदार सामान्यतः राहतो किंवा त्याचा व्यवसाय आहे तेथील प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. रत्नागिरीत हा मुद्दा चाकरमान्यांमुळे गुंतागुंतीचा होतो. सातबारा गावचा, कलमे गावची आणि बिऱ्हाड मुंबईत, अशी असंख्य कुटुंबे आहेत. मुंबईत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, तर बाग जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत. शेतीसंरक्षणाचा परवाना विशिष्ट क्षेत्रापुरता असल्याने तो घेऊन शहरात बंदूक बाळगता येत नाही. निवासस्थान कायमचे बदलल्यास नव्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याला ३० दिवसांत कळवावे लागते.

अमेरिकेत युटा, फ्लोरिडा यांसारखी काही राज्ये अन्य राज्यांतील रहिवाशांनाही प्रशिक्षणाच्या पुराव्यावर छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना देतात. भारतीय कायद्यात अशा अनिवासी परवान्याची संकल्पना नाही. येथे परवान्यावरच त्याची क्षेत्रमर्यादा नमूद असते. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्णपणे झाकलेले व धारकाच्या ताब्यात असावे, असा नियम मात्र येथेही आहे. त्याचा हेतू शस्त्राचे प्रदर्शन टाळणे हा आहे.

राखणदाराचा प्रश्न

आंब्याच्या हंगामात बागांवर राखणदार ठेवले जातात. त्यांत नेपाळी कामगारांची संख्या मोठी असते. मालकाच्या नावाची बंदूक राखणदाराच्या हाती देऊन मालक मुंबईस परतला, तर दोघेही अडचणीत येऊ शकतात. परवाना नसलेल्या व्यक्तीला धारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. विनापरवाना बंदूक बाळगल्यास, २०१९ च्या सुधारणेनंतर, किमान २ व कमाल ५ वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

बंदूक आणि शिकार

बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. हा गैरसमज व्यापक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या संरक्षित प्राण्याला मारण्यासाठी वनविभागाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. म्हणून व्यवहारात परवान्याच्या बंदुकीचा उपयोग बहुतांशी आवाज करून कळप पिटाळण्यापुरता होतो.

मुदत, वारसा व निवडणुका

२०१९ च्या सुधारणेने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आली. धारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली असल्यास तो हयात असतानाही तसे करता येते. वारसाला मात्र स्वतः अर्ज करून पात्रता सिद्ध करावी लागते. वडिलांची बंदूक माळ्यावर तशीच राहू देणे हा गुन्हा ठरतो, हे अनेक घरांत उशिरा ध्यानात येते.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश दिले जातात. कोणाचे शस्त्र जमा करून घ्यावे हे छाननी समितीने प्रकरणनिहाय ठरवावे, अशी निवडणूक आयोगाची कार्यपद्धती आहे. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मे महिन्यांत आली की ती नेमकी हापूसच्या तोडणीच्या वेळी येते, आणि बंदूक पोलीस ठाण्यात असताना बागाईतदाराला फटाके, गोफण व पत्र्याचे डबे यांवर भिस्त ठेवावी लागते.