वनसीमा, कोळसा आणि विधिमंडळ : ताडोबा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीस मिळते. वरच्या खोऱ्यात ही नदी ईसापूर धरणातून मराठवाड्याच्या शेतीला पाणी देते. खालच्या खोऱ्यात वणी-घुग्गुस परिसरात तिच्या काठाला कोळशाचे साठे आहेत. याच कोळसापट्ट्याच्या शेजारी ताडोबाचे जंगल उभे आहे. जंगलाखालील खनिज काढावे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वर्धा खोऱ्यातील कोळसा उत्खननाची सुरुवात 1870 च्या दशकात वरोरा येथे झाली. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मध्ये, म्हणजे हा भाग मध्य प्रदेशात असताना, घोषित झाले. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य आणि 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. अशा रीतीने खाण आणि वन यांचा इतिहास येथे समांतर चालत आला आहे.

या संघर्षाचे ठळक उदाहरण म्हणजे लोहारा कोळसाखंड. तिरोडा येथील औष्णिक वीज प्रकल्पासाठी दिलेला हा खंड व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेबाहेर होता. परंतु वाघांचा वावर नकाशावरील रेषेपाशी थांबत नाही. 2009 मध्ये चंद्रपुरात याविरुद्ध जनआंदोलन झाले, इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी उपोषण केले. जानेवारी 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या खाणीची पुढील प्रक्रिया थांबविली. जंगल वाचले, मात्र ते एका प्रशासकीय निर्णयाने वाचले, ही बाब लक्षणीय आहे.

कायद्यातील बदल

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 35 नुसार राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेत बदल करण्यासाठी राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक होता. 1991 च्या दुरुस्तीने अभयारण्यांनाही असेच संरक्षण मिळाले. 2002 च्या दुरुस्ती अधिनियमाने, जो 2003 मध्ये अमलात आला, ही अट काढून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीची अट घातली. तज्ज्ञांचा सल्ला मिळावा हा हेतू रास्तच होता. तथापि, सभागृहात उघड चर्चा होऊन लोकप्रतिनिधींनी आपले मत नोंदविण्याची वाट त्यामुळे बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामास केलेली मनाई (2023) महत्त्वाची असली, तरी ती न्यायालयाची देणगी आहे, विधिमंडळाची नव्हे.

तुलनात्मक विचार

अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. 1980 च्या कायद्याने तेथील सुमारे 15 लक्ष एकर किनारी मैदानात तेल काढण्यास काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीविना बंदी होती. 1995 मध्ये काँग्रेसने संमत केलेली तरतूद राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नाकारली. अखेर 2017 मध्ये करविषयक कायद्यातून हे क्षेत्र खुले करण्यात आले. विधिमंडळाचे संरक्षणही चिरंतन नसते, हा यातील धडा होय. परंतु तेथे 37 वर्षे प्रत्येक प्रयत्न उघडपणे करावा लागला आणि कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले हे नागरिकांना कळले. अशी जबाबदारी मंडळाच्या बैठकीत निश्चित होत नाही.

निष्कर्ष

विजेची गरज नाकारून चालणार नाही. हिंगोलीतील शेतकऱ्याच्या कृषिपंपालाही ती हवी आहे. म्हणूनच हा निर्णय केवळ कार्यालयीन टिपणीवर सोपविणे योग्य नाही. वने व वन्यजीव हे विषय 1976 पासून समवर्ती सूचीत असल्याने संसदेस कायद्यात दुरुस्ती करता येईल. वन्यजीव मंडळाची शिफारस कायम ठेवून तिला विधिमंडळाच्या ठरावाची जोड पुन्हा द्यावी, आणि व्याघ्र प्रकल्पाबाहेरील भ्रमणमार्गांनाही हे संरक्षण लागू करावे. महाराष्ट्र विधिमंडळाने तशी मागणी केंद्राकडे करणे उचित ठरेल. कोळसा एकदाच जळतो. त्यासाठी तुटलेले जंगल एका पिढीत परत येत नाही. असा निर्णय घेणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक असावीत, एवढी अपेक्षा लोकशाहीत गैर नाही.