युनिक्स सर्व्हरवरील ‘पाथ’दोष : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :
युनिक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअर यथासांग बसवावे आणि त्याचे नाव टंकित करताच ‘कमांड नॉट फाउंड’ हा संदेश यावा, हा अनुभव संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अध्यापकांना अपरिचित नाही. या दोषाचे खापर सामान्यतः वापरकर्त्याच्या अज्ञानावर फोडले जाते. तथापि, त्याचे मूळ युनिक्सच्या जडणघडणीतच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विभागणीचा उगम :
युनिक्सचा प्रारंभ १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी केला. पुढे पीडीपी-११ संगणकावर मूळ डिस्कवरील ‘/बिन’मध्ये प्रोग्रॅम मावेनासे झाले, तेव्हा उर्वरित प्रोग्रॅम वापरकर्त्यांच्या फाइलींच्या डिस्कवर, ‘/यूएसआर/बिन’मध्ये गेले. ही डिस्क जोडणारा ‘माउंट’ प्रोग्रॅम मात्र मूळ डिस्कवरच असणे अपरिहार्य होते. जागेच्या टंचाईतून निघालेली ही तडजोड कालांतराने परंपरा बनली.

शोधक्रमाचा विकास :
थॉम्प्सन यांचे शेल चालू डायरेक्टरी, ‘/बिन’ व ‘/यूएसआर/बिन’ अशा ठरावीक क्रमाने प्रोग्रॅम शोधत असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये ‘पाथ’ ही चलराशी आली आणि हा क्रम वापरकर्त्याच्या हाती आला. स्थानिक सॉफ्टवेअरसाठी ‘/यूएसआर/लोकल’ व ‘/ऑप्ट’ ही स्थानेही रूढ झाली. परिणामी, फाइल जागेवर असूनही शोधक्रमात तिचे स्थान नसणे शक्य झाले. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम असल्यास क्रमात आधी सापडणारा चालतो; म्हणूनच नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालताना दिसते.

निदान :
पूर्ण पाथ दिल्यावर प्रोग्रॅम चालत असेल, तर दोष शोधक्रमात आहे. क्रम योग्य असूनही बॅश शेल जुन्याच जागी शोधत असेल, तर ‘हॅश -आर’ या आज्ञेने त्याची स्मृती पुसावी. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल’ असा संदेश आल्यास तिच्या पहिल्या ओळीतील इंटरप्रिटरचा पाथ तपासावा. प्रोग्रॅम सापडतो, परंतु लायब्ररी सापडत नाही, हा दोष निराळा; लायब्ररींचा शोधक्रम ‘पाथ’वर अवलंबून नसतो. लिनक्सवर तेथे लायब्ररीची डायरेक्टरी नोंदवून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे लागते.

प्रमाणीकरण :
लिनक्समधील डायरेक्टरींच्या रचनेचे प्रमाणीकरण १९९३ मध्ये सुरू झाले. २०१२ मध्ये फेडोरा १७ ने ‘/बिन’ हे ‘/यूएसआर/बिन’मध्ये विलीन केले. डिस्कची टंचाई कधीच संपली होती. तिच्यातून जन्मलेली विभागणी सुमारे चार दशके टिकली.

निष्कर्ष :
घाईने फाइल ‘/बिन’मध्ये नक्कल करणे हा उपाय नव्हे; त्यामुळे प्रणालीचे व स्थानिक सॉफ्टवेअर यांतील सीमारेषा पुसली जाते आणि पुढील अद्ययावतीकरणात नवे दोष उद्भवतात. फाइल हलविण्याऐवजी शोधक्रम दुरुस्त करणे श्रेयस्कर ठरते. विद्यार्थ्यांना केवळ आज्ञा पाठ करून घेण्यापेक्षा त्यांमागील इतिहास सांगितला, तर दोषाचे स्थान त्यांना स्वतः शोधता येईल.