बी-यू-टी बुट!

पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का? शाळेत असताना हा प्रश्न ज्याला पडला नाही असा मराठी माणूस विरळा. मास्तरांपाशी त्याचे उत्तर ठरलेले असते, "इंग्रजीत तसेच म्हणतात. पाठ करा!" मी स्वतः मास्तर. वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो.

एके वर्षी एका मेंढपाळाच्या मुलाने धडा वाचताना 'बट' हा शब्द खणखणीत आवाजात 'बुट' असा वाचला. वर्ग खो खो हसला. त्या हसण्याला आवर घालायचा तो मीच म्हणालो, "अरे, मग घाल की पायात!" पोरगा गोरामोरा होऊन खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड म्हणून उघडले नाही.

पुढे इंग्रजी भाषेच्या इतिहासाची पुस्तके हाती पडली आणि मी चपापलो. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर म्हणून प्रांत आहे. तेथली कितीतरी माणसे आजही 'कप'ला 'कुप' म्हणतात, 'बस'ला 'बुस' म्हणतात आणि जोर देऊन बोलताना 'बट'ला चक्क 'बुट' म्हणतात! बरे, ही त्यांची चूक म्हणावी, तर तसेही नाही. शेक्सपिअरच्या काळी लंडनातही असे शब्द उकारानेच बोलत. सतराव्या शतकात दक्षिणेकडच्या लोकांच्या तोंडी हा उकार हळूहळू 'अ'कडे झुकला. प, ब, फ या ओठांच्या वर्णांमागून आलेल्या काही शब्दांत, म्हणजे पुट, पुल, बुल, फुल यांत, तो तेवढा तगला. उत्तरेने हा बदल घेतलाच नाही. म्हणजे घर सोडून गेला तो लंडनवाला. यॉर्कशायरचा माणूस आजोबांच्या ओसरीवरच बसून राहिला. आणि पुढे हसू लागला कोण, तर घर सोडून गेलेला!

या हसण्याला ज्याने आयुष्यभर खपून उत्तर दिले, त्याची गोष्ट वाचकांना सांगायची आहे.

जोसेफ राइटचा जन्म १८५५ साली यॉर्कशायरात, ब्रॅडफर्डजवळ झाला. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. वयाच्या सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकू लागला. खाणकामगारांची बोथट हत्यारे लोहाराकडे धार लावायला न्यायची, हे त्याचे काम. सातव्या वर्षी तो सर टायटस सॉल्ट यांच्या लोकरीच्या गिरणीत लागला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. जेवणाच्या सुट्टीत सोबती बातम्या मोठ्याने वाचत आणि हा नुसता ऐकत बसे. मग त्याच्या मनाने घेतले, की आपण वाचायला शिकायचेच.

आणि शिकला तो कसा! रात्रशाळेत फ्रेंच, जर्मन, लॅटिन. अठराव्या वर्षी त्याने स्वतःच रात्रीचा वर्ग काढला. फी आठवड्याला दोन पेन्स. १८७६ साली गाठीला चाळीस पौंड जमले, तेव्हा तो जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या विद्यापीठाकडे निघाला. पैसे वाचवायचे म्हणून अँटवर्पपासूनची अडीचशेहून अधिक मैलांची वाट त्याने पायी तुडवली. १८८५ साली त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट त्याला मिळाली.

पुढे राइटसाहेब ऑक्सफर्डला आले. ऋग्वेदाचे संपादक म्हणून आपल्याकडे ज्यांना 'मोक्षमुल्लर' म्हणत, त्या मॅक्स म्युलर यांचे ते साहाय्यक झाले आणि १९०१ साली त्यांच्याच जागी तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक. इतकी पायरी चढल्यावर दुसरा कोणी असता तर बोलण्याचा गावरान हेल आधी धुऊन टाकता. राइटसाहेबांनी उलटेच केले. १८९२ साली त्यांनी आपल्या विंडहिल या भागातल्या गिरणीकामगारांच्या बोलीचे व्याकरण लिहिले. ज्या बोलीला लोक बिघडलेली इंग्रजी म्हणत, तिला स्वतःचे काटेकोर नियम आहेत, हे त्यात दिसले.

मग त्यांनी बोलीकोश हाती घेतला. गावोगावच्या हौशी मंडळींनी टिपून पाठवलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचे ढीग जमले. प्रकाशनाची जोखीम त्यांनी स्वतःच पत्करली आणि वर्गणीदार गोळा केले. १८९८ ते १९०५ या काळात सहा खंड बाहेर पडले. शब्द सत्तर हजारांच्या घरात. त्यांत यॉर्कशायरचा 'बेक' आहे, म्हणजे ओढा. आणि 'लेक' आहे, म्हणजे खेळणे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रावरून येऊन तेथे वसलेल्या व्हायकिंग लोकांची ती ठेव. राजांच्या बखरींत जे सापडत नाही, ते असे शेतकऱ्याच्या जिभेवर सापडते.

राइटसाहेबांच्या आईची एक आठवण सांगतात. लेकाने तिला ऑक्सफर्डचे भव्य ऑल सोल्स कॉलेज दाखवले. म्हातारी आपल्या बोलीत म्हणाली, "सहकारी दुकानाला काय झकास जागा आहे!" या हशात मात्र कुणाचा अपमान नाही.

१९३० साली राइटसाहेब वारले, पण हसणारे काही संपले नाहीत. १९४१ साली, ऐन युद्धात, बीबीसीने हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. उत्तरेकडच्या उच्चारात बातम्या ऐकून कित्येक श्रोत्यांनी तक्रारी केल्या. अशा उच्चाराने बातमीचा भरवसा वाटेना म्हणे! आज त्याच बीबीसीवर प्रांतोप्रांतीचे हेल सर्रास ऐकू येतात.

आपण तरी कोठे वेगळे आहोत? 'आनि-पानी' म्हणणाऱ्याला आपण हसतो, कोकणातल्या माणसाच्या नाकातल्या स्वराची नक्कल करतो, वऱ्हाडातले 'माह्या' ऐकले की ओठ मुडपतो. माझे म्हणणे एवढेच, की हसण्यापूर्वी क्षणभर कान द्यावा. कदाचित तो शब्द आपल्या शब्दाचा थोरला भाऊ असेल.

तो मेंढपाळाचा मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याला हे सांगायचे राहून गेले. आता कोणी 'बी-यू-टी बुट' वाचले, की मी पुस्तक मिटतो आणि गाढवाची गाडी हाकणाऱ्या पोराची गोष्ट सांगतो. शेवटी सांगतो, "परीक्षेत 'बट' म्हणा, बाळांनो. पण 'बुट' म्हणणाऱ्याला हसू नका. तो मास्तरांपेक्षा जुने इंग्रजी बोलतो आहे."